माईकचं तोंड खिडकीकडे

लक्ष्मीकांतराव पोतनीसांनी कंडेन्सर माईक घ्यायचं ठरवलं ते बँकेत, काउंटरवर, एका खातेदाराचं पासबुक मशीनमध्ये सरकवताना. त्या पासबुकात त्या दिवशी जे काही छापलं गेलं, ते निस्तरायला पुढे मॅनेजरसाहेबांना स्वतः उठावं लागलं. पण लक्ष्मीकांतरावांचा त्यात काही दोष नव्हता. त्यांच्या मोबाईलवर नुकताच मराठी मंडळाचा निरोप आला होता, आणि तो वाचून माणसाचे हात जागेवर राहणं कठीणच होतं.

निरोप असा होता, की यंदाच्या कोजागिरीच्या बैठकीत ज्यांना गायचं असेल त्यांनी आपलं गाणं घरीच रेकॉर्ड करून दसऱ्याच्या दुसऱ्या दिवसापर्यंत पाठवावं. समिती एकत्र बसून ऐकेल आणि निवड करेल.

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या या मंडळात लक्ष्मीकांतराव लग्नाच्या आधीपासून जात होते. कोजागिरीला कोणी गायचं हे आजवर सचिव संभाजीराव ठरवीत, आणि ठरवताना लक्ष्मीकांतरावांकडे पाहून म्हणत, "तुम्ही सतरंज्यांचं बघा." लक्ष्मीकांतराव सतरंज्यांचं बघत. मग त्याच सतरंजीच्या एका कोपऱ्यावर बसून दुसऱ्यांचं गाणं ऐकत आणि मनातल्या मनात तेच गाणं जरा बऱ्या पद्धतीनं गात. ग्वाल्हेरातल्या मराठी घरांत कोणाचे ना कोणाचे आजोबा कोणा ना कोणा उस्तादांच्या मागे तंबोऱ्याला बसलेले असतातच. लक्ष्मीकांतरावांचेही बसले होते. त्यांच्याकडून आलेली चंद्रकंसातली एक बंदिश पोतनीसांच्या घरात होती आणि ती एकदा, फक्त एकदा, चांदण्यात चार लोकांसमोर म्हणायची एवढीच त्यांची इच्छा होती. (एवढीच म्हणायला. बाकीच्या इच्छा पत्नी वनमालाबाईंनी वेळच्या वेळी मार्गी लावल्या होत्या.)

अडचण एकच होती. पितृपक्ष लागला होता, आणि पितृपक्षात पोतनीसांकडे नवी वस्तू येत नाही. पण वस्तूबद्दल वाचायला कोणी मनाई केलेली नव्हती. लक्ष्मीकांतराव वाचायला बसले. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो, कंडेन्सर माईक म्हणजे फार हळवा माईक. कापसावर कापूस पडला तरी त्याला ऐकू येतं. त्याच्याबद्दल लिहिणारे लोकही तसेच हळवे. एकानं लिहिलं होतं, या माईकचा आवाज उबदार आहे. दुसऱ्यानं लिहिलं होतं, रेशमी आहे. तिसऱ्याला त्यात हवा खेळती वाटली होती. हे वाचता वाचता लक्ष्मीकांतरावांचे डोळे मिटत, आणि मिटल्या डोळ्यांसमोर मंडळाचं अंगण येई. चांदणं सांडलेलं, पांढऱ्या चादरी, आणि त्यावरून हळूहळू तरंगत जाणारा एक उबदार, रेशमी आणि हवेशीर आवाज. तो आवाज कोणाचा, हे सांगायची गरज नाही.

"रेशमी काय, उबदार काय," वनमालाबाई पोळी लाटता लाटता म्हणाल्या, "माईक घेऊन राहिलात की शालू?"

"तुला नाही समजायचं. गळ्याचा पोत असतो."

"पोत असेल, पण भाजी करपली. तिथेच उभे होतात, गॅस बंद करायला काय झालं?"

मुलगी मंजिरी बेंगळुरूला होती. तिनं फोनवर निकाल दिला. "बाबा, यूएसबीवाला घ्या ना. सीधा लॅपटॉपला लागतो. दुसऱ्याला अलग से डबा लागतो, फँटम पॉवर लागते, तुमच्याच्यानं नाही होणार."

"फँटम म्हणजे भूत ना?" वनमालाबाईंनी विचारलं. "पितृपक्षात तर नकोच."

घटस्थापनेच्या दिवशी लक्ष्मीकांतराव जयेंद्रगंजात दौलतसिंहाच्या दुकानात गेले. दौलतसिंह वरातीच्या डीजेवाल्यांना स्पीकर विकत असे. उबदार माईक द्या, असं त्याला आजवर कोणी म्हटलं नव्हतं.

"गरम तो कोई भी हो जाएगा, सर, आप चलाइए तो," तो म्हणाला. मग त्यानं एक ठेंगणा काळा माईक काढला आणि नीट समजावून सांगितलं. "ये एक ही साइड से सुनता है. नामवाली साइड मुँह की तरफ. पीछे से गाओगे तो कुछ नहीं आएगा. समझ गए?"

"समझ गया," लक्ष्मीकांतराव म्हणाले. ते त्या वेळी अंगणात होते. दुसरी तान नुकतीच संपली होती आणि संभाजीराव स्वतः उठून त्यांच्या खांद्यावर शाल घालत होते. दौलतसिंहाचं बोलणं त्यांना टाळ्यांच्या पलीकडून आल्यासारखं वाटलं.

घरी आल्यावर माईक खोक्यातच राहिला, कारण नवं वाद्य पूजेआधी वाजवायचं नाही हा त्यांच्या आजोबांचा नियम होता. खंडेनवमीला लष्करातल्या सरदारांच्या घरी तलवारी पूजेला निघतात. पोतनीसांकडे पाटावर पेटी, शिलाई मशीन, लॅपटॉप, पेचकस अशी शस्त्रं मांडली गेली आणि मध्ये माईक उभा राहिला. वनमालाबाईंनी त्याला झेंडूचं फूल वाहिलं आणि जिथे कंपनीचं नाव होतं, त्याच्या जरा वर, कुंकवाचं छान ठसठशीत स्वस्तिक काढलं. नाव आहे म्हणजे तोच दर्शनी भाग, हे त्यांना कोणी सांगावं लागलं नाही.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी लक्ष्मीकांतरावांनी रजा टाकली. मधल्या खोलीत खिडकीपाशीच काय तो प्लग होता, म्हणून टेबल खिडकीला लावलं. माईक जोडला. समोर बसले, आणि त्यांच्या लक्षात आलं की आपल्या तोंडासमोर स्वस्तिक आहे. चंद्रकंस गायचा म्हणजे तोंड मोठं उघडणार. वरच्या सुरावर थोडी थुंकी उडणार. देवाच्या खुणेवर थुंकी? पोतनीसांच्या घरात हे शक्य नव्हतं. त्यांनी माईकला हात जोडले आणि अलगद त्याची पाठ स्वतःकडे फिरवली. स्वस्तिक खिडकीकडे गेलं. शिवाय माईकच्या अगदी पुढ्यात बसणं बैठकीच्या रीतीला सोडून, म्हणून ते सतरंजी ओढून भिंतीपाशी जाऊन बसले.

मग घरात हुकूम सुटले. पंखा बंद. कुकर बंद. दाराची घंटी बंद.

"आणि मी?" वनमालाबाईंनी विचारलं.

"तू बाल्कनीत बस. एक शब्द नको."

वनमालाबाईंनी गवारीची टोपली उचलली आणि बाल्कनीत, बरोबर त्याच खिडकीखाली जाऊन बसल्या. खिडकी लक्ष्मीकांतरावांनी बोटभर उघडी ठेवली होती, कारण पंख्याशिवाय आश्विनातली ती दुपार सोसवेना. टोपलीबरोबर फोनही बाहेर गेला होता, हे त्यांनी पाहिलं नाही.

लक्ष्मीकांतरावांनी डोळे मिटले आणि ते गायले. खरं सांगायचं तर इतकं मन लावून ते आयुष्यात गायले नव्हते. भिंती विरघळल्या, टेबल विरघळलं, अंगण आलं, चांदणं आलं. एकदा मधेच डोळे किलकिले करून त्यांनी लॅपटॉपकडे पाहिलं, तर पडद्यावर आवाजाची रेघ कशी नाचत होती! ते श्वास घ्यायला थांबले तरी ती नाचतच होती. 'दमसुद्धा पकडतोय,' ते मनात म्हणाले. माईक उगाच नाही निवडला.

गाणं संपलं आणि त्यांनी ते न ऐकताच पाठवून दिलं. आपलं गाणं आपणच ऐकत बसणं त्यांना जेवण झाल्यावर उष्टं ताट चिवडण्यासारखं वाटे.

संध्याकाळी संभाजीरावांच्या दिवाणखान्यात समिती जमली. ज्यांनी गाणी पाठवली त्यांनाही बोलावलं होतं. संभाजीरावांनी मोठ्या स्पीकरला फोन जोडला आणि म्हणाले, "आता लक्ष्मीकांतराव." लक्ष्मीकांतरावांनी विनयानं मान खाली घातली.

स्पीकरमधून एक आवाज आला. उबदार, रेशमी, हवेशीर.

"हळू बोल गं विमल, रेकॉर्डिंग चालू आहे."

विमल म्हणजे वनमालाबाईंची इंदूरची बहीण, हे सगळ्यांना माहीत होतं. मागे फार लांब, किल्ल्यावरून कोणी हाका मारत असावं तसा चंद्रकंस चालला होता.

"हो ना, माईक घेतलाय. मला घरातून काढलं बाहेर. गवारी निवडून राहिले." टक, टक. गवारीची देठं मोडलेली मोजता आली असती. "कोजागिरीला? शांताताईंचंच दूध असतं गं. केशर दाखवण्यापुरतं, बाकी सगळं त्यांचं त्यांनीच केलेलं कौतुक."

शांताताई म्हणजे संभाजीरावांच्या पत्नी. त्या चहाचा ट्रे घेऊन दारातच उभ्या होत्या. लक्ष्मीकांतरावांना वाटलं, उठावं, तडक महाराज बाड्याच्या चौकात जावं आणि मिळेल त्या टेम्पोत बसून गाव सोडावं. पण दारात ट्रे आडवा होता.

"कसे गातात म्हणजे? वरच्या सुरावर जातात तेव्हा मी देवाचं नाव घेते." थोडा वेळ नुसती गवारी. मग आवाज आणखी हळू झाला, आणि माईकनं तो आणखी जवळ घेतला. "पण खरं सांगू विमल? बँकेतून येऊन ओट्याशी उभे राहून गुणगुणतात ना, तेव्हा घर भरल्यासारखं वाटतं. ट्रेनिंगला भोपाळला गेले होते, तर मी रोज रेडिओ लावून बसले. नाही जमलं. चैनच पडेना. त्यांना सांगू नको हं. कळलं तर कुकरची शिटीही नाही होऊ देणार."

लक्ष्मीकांतरावांना रडू आलं. आयुष्यभर ते चार श्रोते शोधत होते, आणि एक श्रोता रोज पोळ्या लाटत त्यांच्या शेजारीच उभा होता. त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा पुसला. कोजागिरी, शाल, टाळ्या, सगळं त्यांच्या मनातून उतरून गेलं.

शांताताईंनी ट्रे टेबलावर जरा जोरानंच ठेवला. "यंदा दूध वनमालाच करेल," त्या म्हणाल्या.

"आणि निवेदनही वहिनीच करतील," संभाजीराव म्हणाले. "काय स्पष्ट आवाज आहे! शेवटच्या रांगेपर्यंत जाईल." मग ते लक्ष्मीकांतरावांकडे वळले. "तुम्हालाही घेतलंय. दूध वाटताना लोक गप्पा मारतात आणि गाणाऱ्याला राग येतो, हे दर वर्षीचं दुखणं. तुमच्या गाण्यात ती अडचणच नाही. अख्खं ऐकलं आम्ही, बोलण्यात कुठे म्हणून व्यत्यय नाही आला."

लक्ष्मीकांतराव तरंगतच घरी आले. कोजागिरीला गायचं होतं, हे तर होतंच, पण त्यांना घाई वेगळीच होती. वनमालाबाई ओट्याशी होत्या. दूध, निवेदन, शांताताई यांतलं काही न सांगता त्यांनी लॅपटॉप ओट्यावर ठेवला, ती जागा शोधली आणि लावली. 'घर भरल्यासारखं वाटतं.' त्यांनी ती पुन्हा लावली. मग वनमालाबाईंच्या चेहऱ्याकडे बघत उभे राहिले.

वनमालाबाई लाजल्या. पदरानं हात पुसत त्यांनी ते सगळं नीट, शेवटपर्यंत ऐकलं.

"अय्या," त्या म्हणाल्या, "माझा आवाज किती छान आलाय हो! फक्त मागे ते जे कोण गाऊन राहिलंय, ते पुसून टाकता येतं का बघा ना."