सुमनताईंचं फिरतं घर

"डबे बंद, गॅस बंद, पानी बंद, सुमन चालू!" असं मोठ्यांदा म्हटल्याशिवाय सुमनताई बस सुरू करत नाहीत. बसमध्ये दुसरं कोणीच नसतं. पण आवाज असा, की आमच्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यापर्यंत कळतं, ताई निघाल्या.

एकदा डबे बंद करायचे राहिले. नायगावपासून मनोरपर्यंत मिसळणाचा डबा मागे बागडत होता. अजून बसमध्ये पाय ठेवला की हळद-मोहरीचा वास येतो.

ताई मूळच्या इथल्या जूचंद्र गावच्याच, भातशेतीवाल्या घरातल्या. नोकरी नर्सची. निवृत्त झाल्या आणि शाळेची जुनी बस विकत घेऊन आत ओटा, पलंग, मोरी आणि टपावर टाकी करून घेतली. ड्रायव्हिंग शिकवणारा म्हणाला, "मावशी, मुलाला पाठवा शिकायला."

"मुलगा नाय, नवराही नाय. ब्रेक कुठला तेवढा दाखव."

आगाशीच्या बाजारात बस एकदा अशी अडकली, की ना पुढे ना मागे. लोक शिव्या द्यायला लागले. ताईंनी शांतपणे आधण ठेवलं आणि खिडकीतून चहाचे कप बाहेर दिले. "जास्त ओरडतो त्याला साखर जास्त," म्हणाल्या. अर्ध्या तासात त्याच लोकांनी हातगाड्या हलवून बस काढून दिली.

महिन्यातून दोन दिवस मात्र त्या कुठे जातात, ते सांगत नसत. विचारलं तर "लय लांब" एवढंच. मला राहवेना. शेवटी म्हणाल्या, "एवढा किडा आहे तर चल."

मनोरच्या पुढे एका गावात, एका घरासमोर त्यांनी बस लावली. ते त्यांच्या धाकट्या बहिणीचं, शेवंताचं सासर. बऱ्याच वर्षांपूर्वी ताईंनी मेहुण्यांना तोंडावर विचारलं होतं, "माझ्या बहिनीला नांदवता का राबवता?" त्यांनी ताईंना उंबरा बंद केला.

"उंबरा त्याचा," ताई हँडब्रेक ओढत म्हणाल्या, "रस्ता नाय."

शेवंतामावशी पदर सावरत लगबगीने बसमध्ये आल्या. ताईंनी बोंबलाचं कालवण वाढलं, समोर बसून दोनदा आग्रह केला. मग पलंगावर बसवून त्यांच्या पिकल्या केसांना तेल लावलं आणि विंचरायला घेतलं. दोघी लहानपणीच्या खाडीच्या चिखलातल्या निवटे माशांबद्दल बोलत होत्या. मी खिडकीशी बसले होते.

ओसरीवरून मेहुण्यांचा आवाज आला, "कुठं गेलीस गं?"

मावशी उठल्या नाहीत. मान तशीच ठेवून जोरात म्हणाल्या, "माहेरी आलेय! उद्या येईन."

ताईंचा कंगवा बहिणीच्या केसांत थांबला होता.