काढून बघू

काळोखे सर माझ्याशी पहिलं वाक्य बोलले ते असं: "हे काढलं तर काय व्हतं?" आणि मी उत्तर शोधेपर्यंत त्यांनी ते काढलंही होतं. ते म्हणजे माझ्या कॉम्प्युटरची वायर. इंटर्नशिपचा माझा पहिला दिवस होता आणि सकाळपासून मी जे काही टाइप करत बसले होते ते सगळं गेलं. सरांनी काळ्या झालेल्या पडद्याकडे समाधानाने पाहिलं, "बंद पडतंय, व्हय," असं स्वतःशीच म्हणाले आणि चहाला निघून गेले. वायर त्यांनी परत लावली नव्हती.

शेजारच्या टेबलवरची मुलगी म्हणाली, वाईट वाटून घेऊ नकोस, सर सगळ्यांचं काढतात.

आमचं ऑफिस चिंचवडला स्टेशनजवळ आहे, एका मिठाईच्या दुकानावर. तिथे काय काम चालतं ते सांगायचा प्रयत्न करते. मलाच ते समजायला बरेच दिवस लागले, त्यामुळे चुकलं तर सांभाळून घ्या. मोठ्या कारखान्यात जागोजागी कॉम्प्युटर असतात, पण त्या सगळ्यांची माहिती एकाच ठिकाणी, एका थंड खोलीतल्या सामाईक साठ्यात ठेवलेली असते. त्याला सगळे स्टोरेज म्हणतात, सर कपाट म्हणतात. त्या कपाटापर्यंत जायच्या वाटा आखणं हे आमचं काम. "कपाट कुणी बी इकतं," सर म्हणतात, "आपण वाट इकतो."

आणि वाट कधी एक नसावी. दोन हव्यात, दोन्हींचा एकमेकींशी संबंध नको. एक तुटली तर काम दुसरीवरून चालू राहिलं पाहिजे आणि काम करणाऱ्याला त्याचा पत्ताही लागता कामा नये. हे एवढं सगळेच इंजिनियर मानतात. सर फक्त त्याच्यावर विश्वास ठेवत नाहीत. कागदावर कितीही छान दिसू दे, त्यांचं एकच म्हणणं: "काढून बघू."

ते मूळचे देहूच्या बाजूचे. इंग्रजी ईमेल इतकी स्वच्छ लिहितात की परदेशातली माणसं त्यांना लंडनला शिकलेले समजतात, आणि बोलायला लागले की थेट गावच्या पारावर जाऊन बसतात. गळ्यात दोरीला बांधलेले दोन चष्मे. खिशात दोन कंपन्यांचे दोन फोन. पँटला पट्टा आहे आणि आतून नाडीही आहे. हे मला ठाऊक असायचं काही कारण नाही, पण ते स्वतःच नव्या माणसाला उदाहरण म्हणून सांगतात. दुपारचे डबे दोन, दोन वेगळ्या खानावळींतून, कारण एकीचा गॅस संपला तर काय. दोन्ही डबे रोज येतात, म्हणून दोन्ही रोज खावे लागतात, आणि पट्ट्याचं काम वाढत जातं.

एकदा मी त्यांना दाखवलं की माझ्याकडेही दोन पेनं आहेत. त्यांनी दोन्ही हातात घेऊन निरखली. म्हणाले, "एकाच खोक्यातली हायत. एक आटलं की दुसरं बी आटंल. हे दोन न्हाईत, हे एकच पेन लांबलंय."

माणसांनाही ते अशीच काढून बघतात, आणि आधी स्वतःला. अधूनमधून न सांगता ऑफिसला येत नाहीत. समोरच्या चहाच्या टपरीवर पेपर आड धरून बसतात आणि आमच्या दारावर लक्ष ठेवतात. कुणीही त्यांना फोन करून काही विचारलं की आम्ही नापास, मग पुढचा अर्धा दिवस सगळ्यांना भाषण. एकदा सगळ्यांनी ठरवून फोन केलाच नाही. काम व्यवस्थित झालं. तीनच्या सुमाराला सर आपणहून वर आले, या टेबलापासून त्या टेबलापर्यंत फिरले आणि कुणाला काही अडलं का असं विचारत राहिले. कुणालाच काही अडलं नव्हतं. तेव्हा त्यांचं तोंड जरा उतरलेलं दिसलं, पण मी नवीन होते, मला वाटलं चहा जास्त झाला असेल.

ऑफिसमधल्या एकाचं लग्न मोशीच्या लॉनवर होतं, गोरज मुहूर्त. सर आहेर देऊन थेट मंडपामागे गेले आणि जनरेटरवाल्याला विचारू लागले, लाईट गेली तर हा लागतो का. तो म्हणाला, लागतो की राव. सरांनी मेन स्विच खाली ओढला. जनरेटर लागला नाही. मंगलाष्टकं मोबाईलच्या उजेडात झाली, अक्षता नेमक्या कुणावर पडल्या ते कुणालाच दिसलं नाही आणि नवरीच्या मामांनी सरांना जे सुनावलं ते अंधार असूनही सगळ्यांना कळलं. सर शांतपणे म्हणाले, "आत्ता कळलं हे बरं झालं का न्हाई?" मग बाह्या सरसावून ते जनरेटरवाल्याबरोबर खाली बसले. दिवे आले तेव्हा पंगती उठल्या होत्या. दोघांनी काळ्या हातांनी उरलेली जिलेबी खाल्ली. तेव्हापासून ऑफिसात कुणाचं लग्न ठरलं की सरांना वेळ तासभर उशिराची सांगतात.

चाकणला जायचं तर आमच्याकडून दोन रस्ते, एक मोशीवरून आणि एक तळेगाववरून. महत्त्वाचं काम असलं की सर दोन गाड्या करतात, अर्धी माणसं इकडून, अर्धी तिकडून. दोन्ही गाड्या चाकणच्या चौकात येऊन समोरासमोर अडकतात. सर काच खाली करून पलीकडच्यांना हात करतात आणि आम्हाला सांगतात, "ज्यानं हे आखलं त्यानं कधी काढून बघितलं न्हाई."

आता माझं सांगते. चाकणच्या एका सुट्या भागांच्या कारखान्याचं काम आमच्याकडे आलं आणि सरांनी त्याच्या वाटा मला आखायला दिल्या. आमच्या घरात कॉलेजला गेलेली मी पहिली. आमच्या ऑफिसच्या मालकांनी सांगितलं होतं, हे काम पास झालं तर तुला कायम करू. नाही झालं तर इंटर्नशिप संपेल आणि पुन्हा सगळीकडे बायोडेटा पाठवत बसावं लागेल. बाबांची नोकरी कॉन्ट्रॅक्टवर, दर वेळी थोडी मुदत वाढवलेली. आमच्या काळेवाडीच्या खोलीत 'कायम' हा शब्द कुणाच्या नोकरीला कधी लागला नव्हता.

मी सगळं दोन-दोन आखलं. दोन केबली, त्या जोडायच्या दोन पेट्या, म्हणजे स्विच, आणि कपाटाला दोन दारं. ऑफिसमध्ये रंगीत तालीम मांडली. सर वाकले, टेबलाखाली पाहिलं आणि पायाच्या अंगठ्याने एक बटण दाबलं. सगळं एकदम गेलं. माझे दोन्ही स्विच एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर होते.

मी जिन्यात जाऊन रडले. सर मागून आले. एका खिशातून त्यांनी मला रुमाल दिला आणि दुसऱ्या खिशातला तयार ठेवला. "झालं? आता दुसरा प्लग दुसऱ्या भिंतीत लाव," म्हणाले आणि मला जेवायला घेऊन गेले.

त्या दिवशी जेवताना, का कोण जाणे, मी त्यांना बाबांबद्दल सांगितलं. की ते त्याच कारखान्यात आहेत, लाईनच्या शेवटी, तयार पार्टवरचं स्टिकर गनने स्कॅन करतात, आणि नोंद कपाटात पोचली की गन 'पीप' वाजते. की ते मला रोज विचारतात, "तू नेमकं करायलीस काय, बाई?" मी रोज सांगते, ते मान हलवतात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच विचारतात. शेजारचे त्यांना विचारतात तेव्हा ते "कॉम्प्युटरचं" म्हणतात आणि विषय बदलतात. मला सांगता येत नव्हतं. सगळं नीट झालं तर काहीच होत नाही, असं माझं काम. ते कुणाला दाखवायचं कसं? सर तेव्हा दोन खानावळींच्या दोन वांग्यांची तुलना करत होते. मध्येच त्यांनी एवढंच विचारलं, "कुठल्या शिफ्टला असतात?" मी म्हटलं, पहिल्या. त्यांनी दुसऱ्या वांग्याकडे लक्ष वळवलं.

कारखान्यातले सबनीस साहेब कॉम्प्युटर विभागाचे मुख्य. त्यांची इच्छा होती की तपासणी रविवारी, लाईन बंद असताना व्हावी. सर म्हणाले, रविवारी सगळं आधीच बंद असतं, मग काढून काय बघणार? सबनीसांनी मान्य केलं, पण सकाळी लवकर येऊन त्यांनी कपाटापुढे नारळ फोडला. आम्ही पोचलो तेव्हा त्या थंड खोलीत उदबत्तीचा वास होता.

सर म्हणाले, लाईनवरचा एक माणूस फोनवर पाहिजे. सबनीस सुपरवायझरला बोलवायला लागले. सर म्हणाले, सुपरवायझर नको, तो काही झालं तरी ओके म्हणेल. ज्याच्या हातात गन आहे तो द्या. खाली लाईनजवळच्या भिंतीवरचा फोन जोडला, स्पीकर चालू केला. मशीनचा आवाज, ठरावीक वेळाने गनचा 'पीप', आणि मग कुणीतरी घसा साफ करून म्हणालं, "हां, बोला साहेब."

घरी बाबा इतकं जपून कुणाशीच बोलत नाहीत. तरी मला आवाज लगेच कळला. मी सरांकडे पाहिलं. ते छताकडे बघत होते.

"काढ," ते म्हणाले.

मी केबल काढली. एक हिरवा दिवा विझला. फोनमधून पीप यायला हवा होता तेव्हा आला नाही. सबनीसांनी डोळे मिटले. माझ्या डोक्यात सगळे प्लग आणि सगळ्या भिंती फिरून गेल्या. मग पीप आला. मग पुढचा, आणि मग पूर्वीसारखे, एका लयीत.

"काय झालं का हो?" सरांनी फोनवर विचारलं.

"न्हाई साहेब," बाबा म्हणाले, आणि जरा थांबून काळजीने, "काय व्हायला पायजे होतं का?"

सरांनी मला एक अख्खा स्विच बंद करायला लावला. पुन्हा तेच, म्हणजे काहीच नाही. सबनीस हसायला लागले आणि त्यांनी प्रसादाचं खोबरं सगळ्यांच्या हातावर ठेवलं. आम्ही निघणार, तेवढ्यात सर फोनजवळ वाकले.

"सूर्यवंशी, आत्ता आमी तुमच्या कंपनीची एक वाट तोडली. तुमच्या पोरीनं तोडली. दुसरी बी तिनंच आखल्याली, म्हणून तुमाला कळलं न्हाई. ती हे काम करती."

फोनमध्ये नुसता मशीनचा आवाज. पीप नाही. नंतरही नाही. सबनीसांनी पडद्याकडे पाहिलं, तिथे लाल पट्टी आली होती.

"थांबली," ते म्हणाले. "काळोखे साहेब, लाईन थांबली. कशानं थांबली?"

सरांनी मला फोनकडे ढकललं. पलीकडून बाबांचा आवाज आला, "वैशू, तू हाईस का तिथं?"

"हो बाबा."

"बरं," बाबा म्हणाले.  मग, "जेवलीस का?"

त्यांच्या मागून कुणीतरी हिंदीत ओरडलं की सूर्यवंशी, माल अटक गया. मग पीप सुरू झाले, आधीपेक्षा भराभर.

सबनीस कपाळ पुसत होते. सर त्यांना म्हणाले, "ही आमच्या नेटवर्कनं थांबली न्हाई. ह्याला दुसरी वाट नसती. रिपोर्टात घालू नका." सबनीसांनी घातलं नाही. काम पास झालं.

परत येताना आम्ही चौकात अडकलो. सर पुढच्या सीटवर होते, मागे न बघताच बोलू लागले. त्यांच्या आईला शेवटपर्यंत वाटायचं की आपला मुलगा टीव्हीची केबल टाकतो. गावातले लोक तिच्याकडे बंद टीव्ही आणून ठेवायचे, आणि सर सुट्टीला गावी गेले की दुरुस्त करून द्यायचे, कारण खरं काय ते तिला समजावता येत नव्हतं. एकदा त्यांनी तिला दाखवायचं ठरवलं होतं. एका कंपनीत परवानगीही काढली. ती नवी नऊवारी नेसून तयार बसली, आणि त्या लोकांनी तपासणी पुढे ढकलली. "ती साडी न बदलता संध्याकाळपर्यंत बसली," सर म्हणाले. "मग पुन्हा काय जमलं न्हाई."

गाडी थोडी पुढे सरकली. त्यांनी एक चष्मा काढला, दुसरा लावला, आणि विचारलं, "तुझे वडील हसले का गं? फोनवर समजलं न्हाई."

मी म्हटलं, मलाही नाही समजलं, घरी गेल्यावर विचारते.

"इचार. आन मला फोन कर. जेवण राहिलं तरी चालंल, आधी फोन कर."

संध्याकाळी बाबा आले ते पेढे घेऊन. कंपनीच्या बसमध्ये चढल्यापासून काळेवाडीला उतरेपर्यंत त्यांनी सगळ्यांना सांगितलं होतं, की माझ्या पोरीनं आज कंपनीची वायर तोडली आणि साहेबांनी तिला शाबासकी दिली. ड्रायव्हरला खरं वाटेना, म्हणून त्याला दोनदा सांगितलं. बाबा उतरले तेव्हा त्याने हॉर्न वाजवला. आणि हो, हसत होते, अजून हसताहेत.

मी सरांना फोन लावला. पहिली रिंग पूर्ण व्हायच्या आत त्यांनी उचलला. मी सगळं सांगितलं, पेढे, बस, ड्रायव्हर, हॉर्न. फोन कट झाला की काय असं वाटून मी "सर?" म्हटलं.

"हाय, हाय," ते म्हणाले. "आता परत सांग. बसमधी चढले तिथनं."