दर्शनाला डोळे उघडे

आमच्या गल्लीतल्या गणपतीच्या देवळात कोणी हात जोडून डोळे मिटले, की मागून हमखास आवाज येई, "अहो, खिडकी लावून घेऊन उजेड मागताय?"

तो आवाज दत्तूमास्तरांचा. भिवंडीतल्या एका शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेले हे गृहस्थ नेमके माझ्या पूजेच्या वेळी येत आणि आरतीला जमलेल्या मुलांना डोळा शिकवीत. शेजारच्या कारखान्यात कापडाचे लूम खडखडत असल्यामुळे ते जे सांगत ते ओरडूनच.

"बाप्पावरचा उजेड बाहुलीतून आत शिरतो. बाहुली म्हणजे नुसतं भोक, बरं का! आत भिंग, मागे पडदा. पडद्यावर बाप्पा उलटा!"

"उंदीरपण?" शेजारची पिंकी विचारी.

"उंदीर वर, मुकुट खाली! मग डोळ्यामागची तार ते चित्र मेंदूकडे नेते. सरळ करतो तो मेंदू. डोळा कुठे बघतो?"

ज्या मूर्तीला मी नित्य अभिषेक करीत असे, ती भक्तांच्या डोळ्यांत शीर्षासन करते हे ऐकून माझे मंत्र अडखळत. "मास्तर, निदान नैवेद्य होईपर्यंत देवाला सरळ राहू द्या," अशी विनवणी मी करी. व्यर्थ!

पुढे मास्तर उंबरठ्याला ठेचकाळू लागले. बाजूने कोणी आले की दचकत. ठाण्याच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला.

"भिंग शाबूत आहे, गुरुजी," मास्तर म्हणाले, "तार जळत चालली. ती जोडता येत नाही."

सूर्याला अर्घ्य देताना मी रोज त्यांच्यासाठी प्रार्थना केली. त्यांचा उजेड आक्रसतच गेला.

एके सायंकाळी मास्तर मूर्तीसमोर चक्क डोळे मिटून उभे!

"ओ मास्तर, चीटिंग! खिडकी बंद केली तुम्ही!" पिंकी ओरडली.

"परीक्षा चालू आहे. गप्प." मग ते माझ्याजवळ आले. प्रथमच इतके हळू बोलले, की मला कान त्यांच्या तोंडाशी न्यावा लागला.

"बाप्पा पाठ झाला, गुरुजी. सोंड, मोदक, उंदीर, सगळं दिसतं. सुमनचा चेहरा काही पाठ होत नाही. रोज सकाळी तिच्यासमोर बसतो. डोळे मिटले की कुंकू तेवढं उरतं. इतकी वर्षं उघडेच होते ना हो माझे डोळे?"

त्यांना न्यायला आलेल्या सुमनवहिनी पायरीवर उभ्या होत्या. मी देवापुढचे निरांजन उचलले आणि वहिनींच्या चेहऱ्यासमोर धरले.

"अगबाई, हे काय गुरुजी?" वहिनींनी संकोचून डोळे मिटले.

"मिटू नको," मास्तर म्हणाले.