कुठल्या पानावर?

समीक्षकांच्या घरी पुस्तकं वाचण्याचं काम वाटून दिलेलं होतं. साहित्यावरची पुस्तकं स्वतः समीक्षक वाचत; म्हणजे मलपृष्ठ, प्रस्तावना आणि शेवटच्या सूचीत आपलं नाव आहे का, एवढं. तत्त्वज्ञान त्यांच्या आईकडे. ती खिडकीपाशी खुर्चीत बसून जाडजूड ग्रंथ मांडीवर घेई आणि आठवडाभराने ‘पटलं’ किंवा ‘नाही पटलं’ असा निकाल देई. त्या एका शब्दाचे समीक्षक आठशे शब्द करत. लेखकांची चरित्रं बायकोच्या वाट्याला. ती शाळेत गणित शिकवायची आणि मुलांचे पेपर तपासून झाले की कुणाचं तरी आयुष्य वाचायला बरं वाटतं, म्हणायची.

रविवारच्या पुरवणीत परीक्षण छापून यायचं ते अर्थातच एकट्या समीक्षकांच्या नावाने. वर हनुवटीला बोट लावलेला त्यांचा फोटो. “एवढं सगळं वाचता तरी कधी हो?” असं कुणी विचारलं की ते नुसते हसत. हसण्यात विनय असे. विनयासाठी त्यांच्याकडे वेळच वेळ होता.

त्या आठवड्यात वटवृक्षांचं चरित्र आलं. वटवृक्ष म्हणजे ऐंशी ओलांडलेले थोर कादंबरीकार. सगळं साहित्यविश्व त्यांच्या सावलीत बसतं म्हणून हे नाव पडलेलं. पुस्तक इतकं जाड होतं की समीक्षकांनी ते दोन्ही हातांनी उचलून बायकोच्या उशाशी ठेवलं. शुक्रवारी संध्याकाळी मजकूर द्यायचा होता. शुक्रवारी दुपारी समीक्षक वही-पेन घेऊन स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकून बसले आणि बायको कणीक मळता मळता सांगू लागली.

“चौथ्या प्रकरणात लग्न होतं. बायको हुशार असते. मग पहिली कादंबरी गाजते, मग मोठ्या घरात जातात.” मागे सिंकमध्ये नळ टपटपत होता. “अहो, प्लंबरला सांगितलंत का?”

“हो हो. मग? मोठ्या घरात जातात...”

“सांगितलं नाहीत ना! मला ठाऊकच होतं.” परात ओट्यावर आदळली. “डोळे फोडून वाचायचं बायकोनं, सुचवायचं बायकोनं, वाक्यंसुद्धा तिचीच, आणि नाव कुणाचं? नवऱ्याचं! हार त्याच्या गळ्यात, फोटो त्याचा. जगाला पत्ता तरी आहे का?”

समीक्षकांचं पेन भराभर धावत होतं. इतकं रोखठोक मत बायकोने बऱ्याच दिवसांत दिलं नव्हतं.

“फारच छान. पुढे?”

“पुढे काय? पुढे म्हातारपण आणि पुरस्कार.”

रविवारी परीक्षण छापून आलं. त्यात मधोमध, ठळक अक्षरांत, वाक्य होतं : ‘वटवृक्षांच्या कादंबऱ्या प्रत्यक्षात त्यांच्या पत्नीच्या लेखणीतून उतरल्या, हे जळजळीत सत्य चरित्रकाराने कुणाचीही भीडभाड न ठेवता मांडले आहे.’

सोमवारी सकाळी दात घासतानाच फोन वाजला. चरित्रकार होते.

“कुठल्या पानावर?” त्यांनी नमस्कारही केला नाही.

“काय कुठल्या पानावर?”

“ते जळजळीत सत्य! मी सहा वर्षं घातली या पुस्तकात. मी असं काही लिहिलेलं नाही!”

समीक्षकांच्या तोंडात पेस्ट होती, ती त्यांनी गिळली. मुरलेला माणूस अशा वेळी डगमगत नाही. “तुम्ही लिहिलंत असं कुठे म्हणतोय मी?” ते खर्जात म्हणाले. “थोर लेखणी आपल्या मालकाला न विचारता बोलते. तुमच्या शैलीत ते सगळीकडे झिरपलंय.”

मग चरित्रकारांचा सूर एकदम बदलला. “तसं... झिरपलंय खरं.”

समीक्षकांनी फोन ठेवला आणि थेट स्वयंपाकघर गाठलं. “अगं, ते बायकोच्या लेखणीचं कुठल्या पानावर आहे?”

“कसलं?”

“तू नाही का सांगितलंस, वाचायचं बायकोनं, नाव नवऱ्याचं...”

बायको डबा भरता भरता थांबली. “अहो, ते मी तुमच्याबद्दल बोलत होते.”

समीक्षकांची नजर कालच्या पुरवणीकडे गेली.

“छापलंत?” बायकोने विचारलं. तिने पुरवणी अजून पाहिली नव्हती. आपलं लिखाण छापून आल्यावर कोण वाचतं? आता तिने ती उचलली, ते वाक्य वाचलं आणि डबा तसाच ठेवून ती इतकं हसली, इतकं हसली, की तिची शाळेची वेळ टळायची पाळी आली. समीक्षकांना मात्र रडू येत होतं, आणि ते खोटं नव्हतं. हे सदर म्हणजे त्यांचं सगळं होतं. ते गेलं तर सभेत पहिल्या रांगेत कोण बसवणार, आणि हनुवटीला बोट लावून करायचं काय?

दुपारपर्यंत प्रकरण हाताबाहेर गेलं. चरित्रकारांनी एका वृत्तपत्राच्या प्रतिनिधीला सांगून टाकलं की होय, तो संकेत आपण जाणूनबुजून पेरला होता आणि तो ओळखणारा वाचक आज भेटला. प्रकाशकाने लगेच दुसरी आवृत्ती काढायची ठरवली. तीन प्राध्यापकांनी आपल्याला हे आधीपासून माहीत असल्याचं कळवलं. आणि संध्याकाळी पुरवणीच्या संपादकांचा फोन आला.

“वटवृक्षांच्या घरून विचारणा झाली आहे,” संपादक म्हणाले. “मला पान नंबर द्या. बुधवारपर्यंत. नाही मिळाला तर सदर बंद.”

“पान नंबर असा एक नाही सांगता येणार. ते सबंध पुस्तकात...”

“बुधवारपर्यंत,” संपादक म्हणाले.

मंगळवारी बेल वाजली. दारात पांढऱ्या केसांच्या, ताठ कण्याच्या एक बाई उभ्या होत्या. हातात मोठी पर्स.

“मी वटवृक्षांची बायको,” त्या म्हणाल्या. “आत येऊ?”

समीक्षक दारातून बाजूला सरले. बाई सोफ्यावर बसल्या, पर्समधून चरित्र काढून टेबलावर ठेवलं आणि चष्मा चढवला.

“दाखवा. कुठल्या पानावर?”

“बाई, मी... ती एक शैलीतली...”

“शैलीतली नको. पान दाखवा. मी हे छापायच्या आधी तीनदा वाचलंय, अशी एक ओळ राहू नये म्हणूनच. शेवटची दोन प्रकरणं तर मीच लिहिलीत; चरित्रकारांना सवड नव्हती. तरी तुम्हाला कळलं म्हणजे माझ्या हातून कुठेतरी चूक झालीय. पुढच्या आवृत्तीत ती काढायची आहे.”

समीक्षक पुढे वाकले. “म्हणजे... ते खरं आहे?”

“अगदी पहिल्या कादंबरीपासून.” गॅस बंद केलाय असं सांगावं, तसं बाईंनी हे सांगितलं.

“मग बरंच झालं की!” बायको चहा घेऊन आली होती. “आता तरी जगाला कळेल.”

“कशाला कळायला हवं?” बाई चमकल्या. “हार घालून घ्यायचे, उद्घाटनं करायची, तरुण कवींच्या कविता ऐकायच्या, पत्रांना उत्तरं द्यायची. हे सगळं ते करतात म्हणून मला लिहायला वेळ मिळतो. उद्या ते माझ्या गळ्यात आलं तर? अजून दोन कादंबऱ्या बाकी आहेत माझ्या.” मग त्यांनी चहाचा घोट घेतला, एकदा समीक्षकांकडे पाहिलं, एकदा त्यांच्या बायकोकडे. “हे पुस्तक वाचलं कुणी?”

समीक्षक छताकडे बघू लागले.

“मी,” बायको म्हणाली.

“वाटलंच. आणि तुम्हाला चालतं, यांचं नाव?”

“नाही हो. मला नाही चालत,” बायको म्हणाली. इतकी वर्षं हे कुणी विचारलंच नव्हतं.

बाईंनी मग समीक्षकांना सरळ सांगितलं. येत्या रविवारी खुलासा आला पाहिजे : ती माहिती चरित्रात नाही, आपण पुस्तक न वाचताच लिहिलं. म्हणजे कुणी काही शोधणार नाही. समीक्षकांनी खिडकीपाशी बसलेल्या आईकडे आशेने पाहिलं. आईने मांडीवरचा ग्रंथ मिटला.

“पटलं,” ती म्हणाली.

खुलासा समीक्षकांनी तीनदा खोडून पुन्हा लिहिला. कित्येक वर्षांत त्यांनी पहिल्यांदाच स्वतःला पक्कं ठाऊक असलेलं काहीतरी लिहिलं, आणि ते नेमकं हे असावं! बुधवारी तो घेऊन ते स्वतः संपादकांकडे गेले. संपादकांनी तो दोनदा वाचला.

“मग इतके दिवस वाचत कोण होतं?”

“घरची मंडळी,” समीक्षक पुटपुटले. “चरित्रं बायको वाचते.”

“मग सदर वहिनींकडे द्या. तुमचा फोटो काढून टाकतो.”

खुलासा छापून आला, वटवृक्षांची सावली जशीच्या तशी राहिली, आणि सदरावर बायकोचं नाव लागलं. घरातली वाटणीही बदलली. “मला पेपर तपासायचे असतात,” बायको म्हणाली. “चरित्र आता तुम्ही वाचा. मी स्वयंपाक करताना सांगा.”

पहिलंच पुस्तक एका तत्त्वचिंतकाचं चरित्र होतं. समीक्षकांनी मलपृष्ठ वाचलं, प्रस्तावना वाचली, दारात खुर्ची टाकली आणि बरंच काही सांगितलं. बायको “हं, हं” करत होती.

रविवारी तिचं परीक्षण छापून आलं. समीक्षक चहा पीत वाचू लागले आणि एका वाक्यावर चहा कपातच राहिला. ‘उभ्या आयुष्यात ज्याने काळावर एवढं चिंतन केलं, त्याच्या स्वतःच्या घरातला नळ शेवटपर्यंत गळत होता, हे या चरित्रातलं सर्वांत बोलकं पान आहे.’

उद्या चरित्रकाराचा फोन येणार, मग संपादकांचा, आणि सदर आता तर बायकोचं! तिच्या नावाला बट्टा लागला तर तोंड कुठे लपवायचं? त्यांनी पुस्तक उघडलं आणि पहिल्या पानापासून वाचायला घेतलं. जेवायला उठले तेवढेच. बालपण झालं, शिक्षण झालं, वाद झाले, आजारपण झालं. तळटीपासुद्धा सोडल्या नाहीत. बुधवारी संध्याकाळी शेवटचं पान संपलं. नळ कुठेच नव्हता. तत्त्वचिंतकाच्या मरणाने मात्र त्यांचे डोळे भरून आले होते. पुस्तकात इतकं काही असतं, याची त्यांना कल्पनाच नव्हती.

ते पुस्तक छातीशी धरून स्वयंपाकघराच्या दारात आले.

“अगं, मी सगळं वाचलं. अक्षर न् अक्षर. तो नळ कुठल्या पानावर आहे?”

बायको शांतपणे कणीक मळत होती. तिने मान न वळवता कोपराने सिंककडे खूण केली. “पानावर नाही. तिथे आहे.”

नळ टपटपत होता. समीक्षकांनी पुस्तक फ्रिजवर ठेवलं आणि ते प्लंबरचा नंबर शोधायला वळले.

“पटलं,” खिडकीपासून आईचा आवाज आला.