गाडीखालचं ऊन

डोमाजी मिस्त्री दुरुस्तीला आलेली गाडी आधी पाहत नसत. आधी आकाश पाहत. कपाळावर हात आडवा धरून म्हणत, "थांबा जराशे, मोठे साहेब कुठी आले ते पाहू द्या."

मोठे साहेब म्हणजे सूर्य.

पवनी-अड्याळ रस्त्यावर, तलावाच्या पाळीला लागून मिस्त्रींची टिनाची शेड होती. गाडीखाली उतरायला त्यांनी एकदा खड्डा खणला होता, पण पाळीखालून पाणी पाझरलं आणि त्यात बेडकांनी संसार मांडला. विजेचा भरवसा नव्हता, आणि गाडीखाली कंदील न्यायला मिस्त्री साफ नकार देत. मग ते पोतं अंथरून गाडीखाली उताणे होत आणि आरशांनी ऊन आत आणवत.

मला याद्या करायची सवय आहे. तेव्हा मी जवळच्याच आरोग्य केंद्रात परिचारिका होते आणि केंद्राच्या जीपमुळे मिस्त्रींकडे वरचेवर जावं लागे. त्यामुळे त्यांच्या आरशांचीही यादी मी केली होती: न्हाव्याच्या दुकानातला तडा गेलेला एक, कपाटाच्या दाराचा एक, ट्रकचे दोन, आणि लाल चौकटीचा, कुंकू लावायचा, एक. दुरुस्तीच्या वेळाही ठरलेल्या. नऊला गाडीची पुढची बाजू, अकराला क्लच आणि गिअरबॉक्स, तीननंतर मागची चाकं. एकदा एक कंत्राटदार भर दुपारी ब्रेक गेलेली गाडी घेऊन आला, तर मिस्त्री म्हणाले, "मागच्या चाकाचा हाय ना? तीन वाजता या. आता क्लचचं काही असंल तं सांगा."

कायदा एकच होता. ज्याची गाडी, त्यानेच आरसा धरायचा. नोकर पाठवलेला चालत नसे. शेजारच्या गावचे सरपंच धोतर सावरत आरसा धरून बसलेले मी पाहिले आहेत. खालून मिस्त्रींचा आवाज येत होता, "हात काहून हालते, सरपंच? विलेक्शन आलं का जवळ?"

आणि खालून प्रश्न सुरू असत. आज भाजी कोनती? पोरीचं जमलं का? कुत्र्यानं पिल्लं किती देल्ले? मी मनातल्या मनात त्यांच्या नावापुढे लिहून ठेवलं होतं: हात चांगला, वेळेचा पक्का, फार चौकस.

त्या वर्षी भाताची रोवणी नुकतीच संपली होती. यमुना नावाची पहिलटकरीण सकाळपासून केंद्रात कळा देत होती. मी पोट तपासलं. बाळ आडवं होतं. भंडाऱ्याला मोठ्या दवाखान्यात न्यायलाच हवं होतं. दुपारची एसटी निघून गेली होती. तिला आणि तिच्या सासूला जीपमध्ये घातलं, मी शेजारी बसले आणि शामराव ड्रायव्हरनं गाडी काढली. तलावाच्या वळणावर क्लचचं पायडल खाली गेलं ते वर आलंच नाही.

मिस्त्रींची शेड पन्नास पावलांवर होती. ढकलत नेली. यमुनाला शेडमधल्या खाटेवर निजवलं. साडेतीन वाजले होते.

"क्लच? या टायमाले?" मिस्त्री म्हणाले. मग त्यांची नजर खाटेकडे गेली. आकाशाकडे न बघता ते पोतं घेऊन खाली शिरले.

क्लचच्या दांड्याची पिन तुटली होती. दांडा जागेवर आणून दोन भोकं समोरासमोर जुळवायची आणि नवी पिन घालायची, एवढंच काम. पण ते चाचपडून होणारं नव्हतं. ऊन शेडजवळच्या चिंचेच्या पलीकडे गेलेलं, गाडीवर सावली. मग रस्त्याच्या कडेला उन्हात शामराव कपाटाचा आरसा घेऊन उभे राहिले, त्यांच्याकडचं ऊन मी चाकाजवळ न्हाव्याच्या आरशावर घेतलं आणि माझ्याकडचं सासूबाईंनी लाल आरशानं गाडीखाली सोडलं.

"सासूबाई, माह्या डोळ्यात नोको पाडू, दांड्यावर पाडा."

"मले का मालूम दांडा कोणता!"

"काळा हाय तो."

"तिथं सारंच काळं हाय ना बाप्पा!"

खाटेवर यमुना ओरडली. सासूबाईंचा हात हलला आणि उजेड गेला. पुन्हा शामरावांपासून सुरुवात. मी घड्याळ पाहत होते. कळा चार मिनिटांवर आल्या होत्या. तिसऱ्यांदा दांडा दिसला, मिस्त्रींनी पिन उचलली, आणि तलावावरून ढग आला. तिन्ही आरसे एकदम विझले.

शामरावांनी टॉर्च काढला. त्यातले सेल कधीचेच मेले होते.

मिस्त्री गाडीखालून सरपटत बाहेर आले, शेडमध्ये गेले आणि ट्रंकेतून एक गाठोडं घेऊन आले. फडकं सोडलं. आत जाळी बसवलेला दिवा होता, वर आकडा, लांब वायर, बॅटरीला लावायचे दोन चिमटे. काचेवरची किमतीची चिठ्ठीही अजून तशीच होती. चिमटे जीपच्या बॅटरीला लावले आणि गाडीखाली पांढरा, स्थिर उजेड पडला. कधी नव्हे तो सारा काळेपणा मला वेगवेगळा दिसला. दांडा, भोकं, सगळं.

माझा संताप झाला. "मिस्त्री, हे घरात होतं आणि आम्हाला अर्धा तास नाचवलंत?"

"माही चूक झाली, बाई. पक्कड द्या."

मी पक्कड दिली.

थोड्या वेळानं खालून आवाज आला. "नागपूरहून आनला होता. एकडाव लावला. गाडीवाला म्हने, आता माह्यं काय काम हाय इथं? अन् गेला. मंग दिवसभर काम केलं, बाई, पन..." पुढचं पक्कडीच्या आवाजात गेलं.

माझे हात मोकळे होते. मी खाटेकडे निघाले.

"बाई? हाव ना तुमी?"

"आहे," मी म्हटलं. आणि खाटेकडून दर मिनिटाला, न विचारता, मोठ्यानं सांगत राहिले, "आहे, मिस्त्री. आहे."

पिन बसली. यमुनाला उचलून आत घातलं. शामरावांनी गिअर टाकला, तेव्हा मिस्त्री खिडकीशी आले. हातातलं फडकं पिळत म्हणाले, "काय झालं ते सांगाले कोनी येईल ना?"

मी मानेनं हो म्हटलं. गाडी निघाली.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास परतले. मोठे साहेब अगदी क्लचच्या जागी होते, पण शेडपुढे एकही गाडी घेतलेली नव्हती. शेड झाडलेली. खाटेवर धुतलेली चादर, आणि चुलीजवळ दोन कप उपडे घातलेले.

मुलगी झाली, दोघी सुखरूप आहेत, एवढं सांगायला अर्धं मिनिट पुरलं असतं. केंद्रात माझी सात कामं खोळंबली होती. मी खाटेवर बसले आणि सकाळच्या पहिल्या कळेपासून सुरुवात केली.