माशांचा निर्जळी उपास

आजार कोणाचाही असो, निदानाचा पहिला हक्क भेटायला येणाऱ्यांचा असतो. डॉक्टर नंतर येतात, तेही बोलावलं तर. कोल्हापुरात हा नियम माणसांपुरताच नाही, हे धैर्यशीलरावांना तळं बांधल्यावर आठवड्याभरात कळलं.

धैर्यशीलराव मांडव-डेकोरेशनवाले. हातकणंगल्याच्या साडूंच्या दारात तळं झालं, तेव्हा यांच्याही दारात होणं भागच होतं. धंदाच तो असल्यामुळे तळ्याला आधी रंगीत दिवे बसले. पाणी गाळायचं यंत्र सवडीनं बसवायचं ठरलं. बोअरचं पाणी भरलं आणि त्याच संध्याकाळी बारा जपानी कोई मासे सोडले. धैर्यशीलरावांच्या आई, आक्का, त्यांना 'कोयी' म्हणत, आंब्याच्या असतात तशा. सगळ्यांत थोराड माशाचं नाव धैर्यशीलरावांनी पैलवान ठेवलं. कामावरून आल्यावर चप्पल काढायच्या आधी ते त्याला भेटत. (बायकोला चप्पल काढल्यावर.)

चार दिवसांनी मासे वर येऊन तोंडं उघडमीट करू लागले.

"भुका लागल्यात," आक्का म्हणाल्या. "आपल्या दारात आजवर कोण उपाशी न्हाय ऱ्हायलं."

मग चुरमुरे पडले, भाकरीचा कुस्करा पडला, सणाची उरलेली पुरणपोळी पडली. मासे आणखीच तोंडं उघडू लागले. म्हणजे भूक वाढली होती. म्हणून खाणं वाढवलं. या तर्कात चूक काढणं अवघड होतं. माशांनी जमेल तेवढा प्रयत्न केला.

बातमी पसरली आणि रविवारी भेटायला माणसं आली. आलेले चौतीस, उपाय सांगणारे चौतीस, पाण्याकडे बघणारं कुणीच नाही, कारण पाणी आजारी दिसत नव्हतं. चुलते गणपतराव तालमीतले; त्यांनी अशक्तपणा ठरवला आणि बदाम वाटून घातले. शेजारच्या शालूबाईंनी दृष्ट काढली आणि मीठ-मिरच्या तळ्यातच टाकल्या, चूल लांब होती म्हणून.

शेवटी धैर्यशीलरावांची बायको संयोगिता हिनं जनावरांच्या डॉक्टर इरावतींना बोलावलं. त्यांचा हात म्हशींवर बसलेला. त्यांनी माशांकडे नुसतं पाहिलं, काचेच्या नळीत तळ्याचं पाणी घेतलं आणि औषधाचे थेंब टाकले. पाणी गर्द हिरवं झालं. मंडळींनी सुटकेचा श्वास सोडला. हिरवं म्हणजे पास.

"पिवळं राहायला हवं होतं," डॉक्टर म्हणाल्या.

मग त्यांनी समजावून सांगितलं. माशांची विष्ठा आणि कुजलेलं अन्न यांतून अमोनिया होतो. जुन्या तळ्यात तो पचवणारे जिवाणू असतात, नव्यात ते तयार व्हायला दीडेक महिना लागतो. तोवर खाणं बंद, रोज तिसरा हिस्सा पाणी बदलायचं, आणि पाण्यात हवा सोडायचं यंत्र आजच लावायचं.

यातला 'जिवाणू' एवढाच शब्द मंडळींनी उचलला. दूधवाले केरबा म्हणाले, जिवाणू म्हणजे विरजणच की. आणि त्यांनी एक गाडगंभर दही तळ्यात ओतलं.

दुसऱ्या दिवशी पैलवान तळाशी आडवा होता. गणपतरावांनी डोक्यावरची टोपी काढली. पाठ टेकल्यावर पुढं बोलण्यासारखं काही नसतं. धैर्यशीलराव एका लग्नाचा मांडव अर्धा सोडून आले आणि तळ्याच्या कठड्यावर बसून राहिले. पँट पोटरीपर्यंत भिजली तरी त्यांच्या लक्षात आलं नाही.

"ह्येला काय झालं तर तळं बुजवतो बघ," ते बायकोला हळूच म्हणाले.

संयोगितानं विचार केला. या घरात उपाशी ठेवणं ही नामुष्की होती, पण उपास हे पुण्य होतं. तिनं जाहीर केलं की आपण जोतिबाला नवस बोललोय, आजपासून माशांना उपास. आक्कांनी हात जोडले, आत गेल्या आणि साबुदाणा भिजत घातला.

संयोगिता मागोमाग गेली. "आक्का, निर्जळी हाय."

आक्कांनी खिडकीतून तळ्याकडे बराच वेळ पाहिलं. "मग न्हाय चालायचं," त्या म्हणाल्या आणि साबुदाणा निथळत ठेवला.

पाण्यात राहून निर्जळी कसा करतात, हे कुणी विचारलं नाही. श्रद्धेच्या बाबतीत फार खोलात जाऊ नये. तळंही तीनच फूट होतं. पाणी बदलण्याला संयोगितानं अभिषेक म्हटलं, तेव्हा बादल्या घेऊन गल्ली लोटली. धैर्यशीलरावांनी मांडवाचे दिवे लावायला ठेवलेल्या जनरेटरवर हवेचं यंत्र चालवलं, कारण त्या आठवड्यात वीजही उपासाला बसली होती.

तिसऱ्या अभिषेकाला पैलवान सरळ झाला. धैर्यशीलराव हसता हसता डोळे पुसायला लागले आणि पाणी उडालं म्हणाले.

दीडेक महिन्यानं नळीतलं पाणी पिवळं राहिलं. आक्कांना काविळीची शंका आली. डॉक्टरांनी ती दूर केली आणि चिमूटभर खाणं सुरू करायला सांगितलं.

गुण कशाचा, यावर एकमत झालं नाही. गणपतराव बदामाचा म्हणतात, केरबा दह्याचा. मिठाचा थोडा उपयोग झाला असेल असं डॉक्टर बोलून गेल्या. शालूबाईंनी तेवढंच ऐकलं आणि मिरच्यांना श्रेय दिलं.

तळ्यापाशी आता पाटी आहे: माशांना खायला घालू नये, उपाय सांगू नये. पहिली सूचना बहुतेक पाळतात. दुसरीचं अवघड आहे. आता तुम्हीच बघा, इथपर्यंत वाचताना "तुरटी फिरवायची होती" असं तुमच्या मनात निदान एकदा तरी येऊन गेलंय.