चंद्रकांताबाईंचे पाय आणि मोहाचं घमेलं

"आठ दिवसांत तुझे पाय हरणासारखे नाही केले, तर नावाचा परसराम नाही!"

परसरामजींनी बायकोपुढे हे जाहीर केलं, तेव्हाच खरं तर चंद्रकांताबाईंनी देवापुढे हात जोडायला हवे होते. पण हात मोकळे कुठे होते? दोन्ही हातांनी त्या तळपाय चोळत बसल्या होत्या!

महिना झाला, बाईंच्या तळपायांत मुंगळ्यांची जत्रा भरली होती. आधी झिणझिण्या, मग आग, मग सुया, आणि मधूनच पाय असे बधिर व्हायचे की चप्पल पायात आहे की दारात, हे वाकून पाहावं लागायचं. आरतीला उभ्या राहिल्या की एका पायावरून दुसऱ्या पायावर, दुसऱ्यावरून पहिल्यावर. भजनी मंडळातली एक नवी बाई तर म्हणाली, "किती तल्लीन होऊन डोलतात ना ह्या!"

डोलणं परवडलं असतं. प्रश्न नवसाचा होता. सून प्राचीची शाळेतली नोकरी पक्की व्हावी म्हणून बाईंनी श्रावणात सोळा सोमवार धरले होते. सतराव्या सोमवारी उद्यापन, नागऱ्याच्या महादेवाला अनवाणी एकशेआठ प्रदक्षिणा, आणि त्या पुऱ्या होईपर्यंत मौन! बाराव्या सोमवारीच प्राचीच्या हातात ऑर्डर पडली. देवाने आपलं काम वेळेआधी उरकलं होतं. आता पाळी बाईंची होती आणि पाय म्हणत होते, आम्ही येत नाही!

"आई, एकदा डॉक्टरले दाखवा ना. शुगर तरी पाहून घेऊ," प्राची रोज म्हणायची.

"उद्यापन होऊ दे वो माय. तोवर गोळी नाही. त्या कॅप्सूलचं टरफल कोण्या जनावराचं असते, कोणाले ठाऊक!"

मग काय, परसरामजींना रान मोकळं! त्यांनी सगळी हयात पोस्टात काढली होती आणि गावोगावची पत्रं वाटता वाटता गावोगावचे उपायही गोळा केले होते. पहिल्या दिवशी लसूण जाळलेलं मोहरीचं तेल. त्यावरून घसरून बाई थेट देवघरापुढे साष्टांग! दुसऱ्या दिवशी तापवलेल्या कोंड्याचा शेक. पिशवी फाटली आणि घरभर असा कोंडा उडाला की शेजारच्या केशोरावांनी कुंपणावरून विचारलं, "काय गा पोस्टमास्तर, घरातच राईस मिल टाकली का?" तिसऱ्या दिवशी पहाटे शेताच्या धुऱ्यावरच्या दवात अनवाणी फेऱ्या. पायांना फरक पडला नाही, पण बाईंना सर्दी अशी झाली की नाक नुसतं शोभेला उरलं.

शेवटी बाईंनी नवेगाव बांधच्या आपल्या जुन्या मैत्रिणीला, दुर्पताला फोन लावला. दुर्पता जंगलात मोहफुलं वेचणारी. तिच्या घरी पहिली ओंजळ देवापुढे जाते, मग टोपली भरते. तिने सांगितलं ते सरळ होतं.

"दोन ओंजळी फुलं रातभर भिजू घाल वो. सकाळी पाणी कोमट कर अन् पाय सोड. बस! कोमट म्हणजे कोमट. पाय बधिर आहेत ना तुझे? मग पाणी हाताने पाहून घेत जा."

फोन स्पीकरवर होता आणि परसरामजींचे कान त्याहून मोठ्या स्पीकरवर. त्यांना दुर्पताचा उपाय पटला, पण फारच किरकोळ वाटला. दोन ओंजळींऐवजी दोन पायल्या घेतल्या. रातभराऐवजी पाच दिवस. वर चार ढेपळ्या गूळ, "गुळाची गरमी नसेमध्ये शिरते!" म्हणून. आणि मडक्याचं तोंड फडक्याने घट्ट बांधून ते चुलीशेजारच्या उबेत. बिचाऱ्यांनी जन्मात कधी विडीसुद्धा ओढली नव्हती. जंगलातल्या दारूच्या भट्टीवर नेमकं काय करतात, हे त्यांना कुठून माहीत असणार? व्यसन काय ते एकच, तपकीर! चाळीस वर्षांच्या तपकिरीने त्यांच्या नाकाला कधीच पेन्शन दिली होती.

प्राचीने मात्र विचारलं होतं, "बाबाजी, मडकं काऊन बुडबुडून राहिलं?"

"औषध जागं होऊन राहिलं पोरी!" परसरामजी म्हणाले.

उद्यापनाच्या सकाळी औषध पूर्ण जागं झालं होतं. बाईंनी घमेल्यात ओतलेलं पाणी हात घालून पाहिलं, अर्धा तास पाय बुडवून बसल्या. जाताना परसरामजींनी त्याच पाण्यात भिजवलेल्या सुती पट्ट्या घोट्यापासून बोटांपर्यंत गुंडाळल्या. "एकशेआठ होईपर्यंत असर उतरणार नाही!" बाईंनी चुरम्याचा डबा घेतला, "ॐ नमः शिवाय" म्हटलं आणि ओठ मिटले. मौन सुरू!

ऑटोवाला इंद्रकुमार दोन मिनिटं गाडी चालवून थांबला. त्याने हवा हुंगली. आरशातून परसरामजींकडे पाहिलं, मग बाईंकडे पाहिलं आणि पुन्हा परसरामजींकडे.

"काकाजी, सुबह सुबह?"

"हां! हमारे घर का है! पाच दिन मेहनत की!"

"और... माताजी?"

"अरे, उन्हीं के लिए तो बनाया! पैरों से बहुत तकलीफ में थी. आज आधा घंटा बैठी, अब देख, कैसी शांत है!"

बाईंनी डोळे वटारले, मान हलवली, हात नाचवले. इंद्रकुमारला वाटलं, चढली. तो हळूच म्हणाला, "काकाजी, मेरे भी पैर बहोत दुखते हैं. एक बोतल...?"

"दो ले जा! कल घर आ."

नागऱ्याला मंडळ आधीच जमलं होतं. पुढे पुष्पांजलीबाई. मंडळाच्या सेक्रेटरी, आवाज खणखणीत आणि नाक त्याहून तेज. बाईंनी चुरमा देवापुढे ठेवला, मोजायला कमरेच्या पुरचुंडीत तांदळाचे एकशेआठ दाणे बांधले आणि पहिली प्रदक्षिणा सुरू केली.

वीस झाल्या, तीस झाल्या. उपाशी पोट, बधिर पाय. टाकायचा एकीकडे आणि पडायचा दुसरीकडे! बाई डाव्या खांबाकडून उजव्या खांबाकडे हेलकावत होत्या. पुष्पांजलीबाईंनी पदर नाकाला लावला.

"काय वो, हा वास कायचा येऊन राहिला?"

"मोहाचा!" कुणीतरी कुजबुजलं.

"चंद्रकांताबाई? अन् उपासाच्या दिवशी?"

बाईंच्या कानावर प्रत्येक शब्द पडत होता. आणि ओठ शिवलेले! चाळिसाव्या फेरीला एक पट्टी सुटून मागे लोंबू लागली. देवळाबाहेरची एक बकरी ती चाटत मागे लागली. पन्नासाव्या फेरीपर्यंत बाई पुढे, बकरी मागे. साठाव्या फेरीला बकरीही डाव्या खांबाकडून उजव्या खांबाकडे!

"पोस्टमास्तर! काय प्रकार आहे हा?" पुष्पांजलीबाई कडाडल्या.

"काही नाही जी, मोहफुलं आहेत. दोन पायल्या! गूळ टाकून पाच दिवस मुरवली."

अख्खं मंडळ दोन पावलं मागे सरकलं.

बाईंना रडू फुटलं. थांबून दोन शब्द बोलल्या तर अब्रू वाचत होती, पण नवस मोडत होता. चालत राहिल्या तर नवस वाचत होता आणि उद्या मंडळात तोंड दाखवायची सोय राहत नव्हती. त्यांनी पिंडीकडे पाहिलं. देवा, तू तर शब्द पाळलास. त्यांनी कमरेचा पुढचा दाणा टाकला आणि पाऊल उचललं.

पुष्पांजलीबाई आडव्या आल्या आणि सरळ त्यांच्या तोंडाजवळ नाक नेलं. तिथे नुसती तुळस! मग खाली वाकल्या. आणखी खाली. अगदी पायांशी नाक टेकवून त्यांनी जोरात श्वास घेतला. डोळ्यांत पाणी आलं.

"पायातून! वास पायातून येते वो!"

पण नाकाला पदर लावून बोललेलं हे ऐकलं पुढच्या दोघीतिघींनी. मागच्यांना दिसलं एवढंच, की मंडळाच्या सेक्रेटरी चंद्रकांताबाईंच्या पायांवर डोकं ठेवून डोळे पुसत आहेत! बघता बघता रांग लागली. एकीने हळद वाहिली, दुसरीने फूल. "मौन पाहा किती!" "मुकं जनावर मागे चालून राहिलं, पाहिलं का?" बाई दोन्ही हातांनी नको नको करत होत्या, रांगेला वाटलं, आशीर्वाद आहे. बकरीलाही दोघीजणी पाया पडल्या. ती तोपर्यंत आडवी झाली होती. ती समाधी ठरली!

एकशेआठवा दाणा पडला. बाईंनी पिंडीला हात जोडले आणि पाच तासांनी पहिलं वाक्य बोलल्या, "अजी, ह्या पट्ट्या सोडा आधी!"

पण तोवर उशीर झाला होता. पट्ट्या सोडवायला रांगेत मारामारी!

संध्याकाळी परसरामजी मिशीवर हात फिरवत म्हणाले, "दुखले का पाय? बोल!"

"दुखणार कसे, बाबाजी? पायांले काही कळूनच नाही राहिलं," प्राची म्हणाली आणि दुसऱ्या दिवशी दोघांनाही धरून गोंदियाला डॉक्टरकडे घेऊन गेली.

डॉक्टरांनी बाईंचे तळपाय पाहिले, सुई टोचून पाहिली, मग हवा हुंगून चेहरा गंभीर केला.

"रोज किती घेता?"

"रोज कुठे जी," परसरामजी अभिमानाने म्हणाले, "कालच सुरू केलं. एक घमेलंभर!"

डॉक्टरांच्या हातातला पेन खाली पडला. पुढची पंधरा मिनिटं प्राची समजावत होती. साखर निघाली दोनशेऐंशी. गोळ्या सुरू झाल्या, टरफल नसलेल्या, तेवढं बाईंनी आधी विचारून घेतलं. गरम पाणी बंद, अनवाणी चालणं बंद, गोड बंद. बाई मुकाट्याने "हो" म्हणाल्या. कालच्या प्रसादाच्या चुरम्याबद्दल त्या काही बोलल्या नाहीत. मौनाची सवय झाली होती.

घरी येऊन पाहतात तर दारात इंद्रकुमारचा ऑटो. त्याच्यामागे दुसरा, तिसरा, चौथा... रांग थेट केशोरावांच्या वाडीपर्यंत! प्रत्येकाच्या हातात रिकामी बाटली.

"काकाजी," इंद्रकुमार अदबीने म्हणाला, "पूरे स्टँड के पैर दुख रहे हैं."